दातांवरच्या रेघा

आमच्या गावची माणसे हसताना तोंडावर हात धरतात. बाया पदर लावतात, पोरी ओढणी लावतात. पाहुण्याला वाटते, गाव मोठे लाजाळू आहे! मित्रहो, लाज आहे हे खरे. पण ती स्वभावाची नव्हे, दातांची आहे.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला आमचे गाव. तिथे माझ्या वयाच्या बहुतेकांच्या पुढच्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा आहेत. कुणाच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग, तर कुणाच्या दातांचे टवके उडालेले. शाळेत स्वच्छतेच्या तासाला गुरुजी आम्हांला रांगेत उभे करून कडुनिंबाच्या काडीचे गुण सांगत. घरी आजी राखुंडीने घासायला लावी. मीठ झाले, कोळसा झाला, लिंबू झाले. हिरड्यांतून रक्त आले, पण रेघ तसूभरही हलली नाही.

थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे आले होते. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झाले. निघताना मुलाच्या आत्याने आईला बाजूला घेतले आणि म्हटले, "काहून वं बाई, पोरगी दात नाही घासत का?" ताई दिवसातून दोनदा दात घासते. आई गप्प राहिली. या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

ते मला कॉलेजला आल्यावर मिळाले. दाढ दुखू लागली म्हणून दंतवैद्यांकडे गेले होते. त्यांनी तोंडात पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "लहानपणी पाणी कुठले प्यायलीस?" मी म्हटले, "हापशीचे." ते म्हणाले, "मग ही रेघ तुझी नाही, तुझ्या हापशीची आहे."

दातावरचे चकचकीत कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरात याहून कठीण दुसरे काही नाही, हाडसुद्धा नाही. पण या बलदंड कवचाचे एक दुर्दैव आहे. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा होतात. हाड मोडले तर सांधते, कातडी सोलली तर नवी येते. एनॅमल एकदा घडले ते घडले. पुढचे पक्के दात सहाव्या-सातव्या वर्षी दिसू लागतात, पण त्यांची घडण जबड्याच्या आत पहिल्या तीन-चार वर्षांतच होत असते. त्या काळात पाण्यातून फ्लोराइड जास्त गेले, की कवच कच्चे राहते आणि पुढे डागाळते. म्हणजे दातावरची रेघ हा बाळपणी प्यालेल्या पाण्याचा दाखलाच म्हणायचा. तो राखुंडीने कसा पुसला जावा?

हे कोडे जगाला सुटायलाही वेळ लागला. फ्रेडरिक मॅके नावाचा दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज गावी आला, तेव्हा त्याला स्थानिक माणसांचे दात तपकिरी दिसले. जे लहानपणापासून तिथे राहिले त्यांनाच डाग. मोठेपणी येऊन स्थायिक झालेल्यांना नाही. संशय पाण्यावर गेला, पण गुन्हेगार सापडला १९३१ मध्ये, चर्चिल नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञाला. तोच फ्लोराइड. आपल्याकडे १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून तर हाडे ताठरल्याच्या हकीकती प्रसिद्ध झाल्या.

आमच्याकडे हापशी ही देणगी म्हणून आली. १९७२ च्या दुष्काळानंतर ठिकठिकाणी खोल बोअर झाले. विहिरीच्या पाण्यातला नारू आणि पटकी यांपासून माणसे वाचली. परंतु खोल खडकात मुरलेले पाणी खडकातले फ्लोराइडही बरोबर घेऊन येते. ते दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि फ्लोराइड मागे राहते. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड, असे भारतीय मानक सांगते. तुरटी आणि चुना वापरून ते कमी करण्याची 'नालगोंडा' पद्धत आमच्या विदर्भातल्याच, नागपूरच्या 'नीरी' संस्थेने शोधली आहे.

प्रत्येक डाग पाण्याचाच असतो, असे मात्र नाही. फ्लोराइडचा डाग सहसा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखा दिसतो. एकाच दातावर डाग असेल, तर दुधाच्या दाताला बसलेला मार किंवा त्याची कीड कारण असू शकते. बाळपणचा मोठा आजार, अपुऱ्या दिवसांचा जन्म, क्वचित आनुवंशिकता हीही कारणे असतात. म्हणून दंतवैद्याला दाखवावे. मोठ्यांच्या दातांवर उपाय आहेत: वरचा पातळ डागी थर हलकेच घासून काढणे, दाताच्या रंगाचे लेपण, फारच खराब असेल तर टोपी. खर्च मात्र प्रत्येकाच्या खिशाला झेपणारा नाही. घरच्या घरी कोळशाने घासणे हा उपाय नव्हे. त्याने उरलेले कवचही झिजते.

तेव्हा मित्रहो, वर्गात कुणाचे दात रेघाळलेले दिसले तर त्याला ब्रश विचारू नका, गाव विचारा.

आमच्या दादाचा मुलगा आता चौदा महिन्यांचा आहे. त्याला चिमुकले, मोत्यासारखे दुधाचे दात आले आहेत. ते पाहून आई म्हणाली, "पाहा, याला काही झाले नाही." पण दुधाच्या दातांवर विसंबता येत नाही, पक्क्या दातांचे काम आत आत्ता चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी दोन बाटल्या भरून पाणी तपासायला दिले. हापशीचे मर्यादेबाहेर निघाले, गावाबाहेरच्या जुन्या विहिरीचे मर्यादेत. तेव्हापासून वहिनी बाळाच्या पिण्यासाठी आणि खिचडीसाठी एक कळशी त्या विहिरीवरून आणते, गाळून उकळते. वाट लांबची आहे, चढाची आहे. शेजारणी हसतात, "एवढ्याशा पोरासाठी येवढी पायपीट!" वहिनी काही बोलत नाही, कळशी कमरेवर घेते आणि चालू लागते. तिच्या पायपिटीचा निकाल कळायला अजून पाच-सहा वर्षे आहेत.