जालन्याहून बालेवाडीला

जालना म्हटलं की लोकांना तीन गोष्टी आठवतात: लोखंडाच्या सळया, बी-बियाणं आणि मोसंबी. ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण आमच्याकडची म्हातारी माणसं अजून अभिमानानं सांगतात. या यादीत जपानच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना काही जागा नाही, हे मलाही कळतं. पण माझ्या दूध-किराण्याच्या हिशेबाची वही मागच्या बाजूनं उघडलीत, तर तिथं त्याच सापडतील. कोण कुठल्या क्लबात होती, तिथून कुठं गेली, कधी गेली, सगळं तारीखवार. आमचे ‘हे’ म्हणतात, “अगं, नातेवाइकांचे पत्ते इतके नीट लिहून ठेवले असतेस, तर लग्नपत्रिका तरी वेळेवर पोचल्या असत्या!”

हा नाद लागला जानेवारी २०२२ मध्ये. कोरोनाची तिसरी लाट होती, शाळा बंद, मुलं घरात. त्याच दिवसांत बायकांच्या फुटबॉलची आशियाई स्पर्धा आपल्या महाराष्ट्रात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरली होती. आपल्या मुलींचं दुर्दैव असं, की संघातच कोरोना शिरला आणि २३ जानेवारीचा सामना न खेळताच त्यांना स्पर्धेबाहेर व्हावं लागलं. आमचा मुलगा रुसून बसला. म्हटलं, आता दुसऱ्या कुणाचा तरी संघ आपला मानू. तेव्हा पुण्यात बालेवाडीला जपानचे सामने चालू होते. म्यानमारवर पाच गोल, व्हिएतनामवर तीन, मग कोरियाशी एक-एक अशी बरोबरी. पुढं उपान्त्य सामन्यात चीननं त्यांना पेनल्टीवर हरवलं. पण तोवर आमचं घर जपानचं झालं होतं!

स्पर्धा संपली, सगळ्या आपापल्या क्लबांकडे परतल्या, आणि माझं कुतूहल जागं झालं. एका देशाच्या मुली, पण कुणी जर्मनीत, कुणी इंग्लंडात, कुणी अमेरिकेत. ही काय भानगड?

ती अशी. खेळाडूचा क्लबशी ठरावीक वर्षांचा करार असतो. करार संपला की ती मोकळी, हवं तिथं जावं. मुदतीआधीच दुसऱ्या क्लबाला ती हवी असेल, तर तो आधीच्या क्लबाला पैसे मोजतो. हे व्यवहार वर्षभर चालत नाहीत, त्याचे हंगाम ठरलेले असतात. आणि एक गंमत ऐका, खेळाडू उसनीही देतात! आपण शेजारणीला वाटीभर साखर देतो ना, अगदी तसं. करार आपल्याकडेच, पण वर्षभर खेळायचं दुसऱ्याकडे, म्हणजे पोरीला सराव मिळतो.

मोमोको तानिकावाचंच घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, त्यात ती जपानकडून खेळली होती. २०२४ मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकनं तिला घेतलं आणि लगेच स्वीडनच्या रोझेनगार्डला उसनी दिली. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राझीलविरुद्ध सामना संपता संपता तिनं लांबून असा गोल मारला, की मी गॅसवरचं दूध विसरले.

वहीत सगळ्यात लांब नोंद आहे साकी कुमागाईची. उरावा, मग फ्रँकफर्ट, मग फ्रान्सचं ल्यों, मग म्युनिक, मग रोम, आणि २०२५ मध्ये लंडन. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्धची शेवटची पेनल्टी तिनंच मारली होती. युई हासेगावा मिलानला गेली, तिथून लंडनच्या वेस्ट हॅमला, तिथून मँचेस्टर सिटीला. हिनाता मियाझावानं २०२३ च्या विश्वचषकात सर्वांत जास्त, पाच गोल केले आणि सप्टेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडनं तिला बोलावून घेतलं.

हे सगळं सुखासुखी झालेलं नाही बरं का! जपानमध्ये बायकांची व्यावसायिक लीग सुरू झाली ती २०२१ मध्ये. त्याआधी कितीतरी जणी दिवसा नोकरी करायच्या आणि संध्याकाळी सराव. कारिना मारुयामा तर फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात काम करून त्याच वीज कंपनीच्या संघातून खेळलेली. मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, केंद्रात अपघात झाला. चारच महिन्यांनी विश्वचषकात यजमान जर्मनीला हरवणारा गोल मारला तो याच मारुयामानं, आणि जपान जगज्जेता झाला. वीज कंपनीचा संघ मात्र बंद पडला. त्यातल्या मुलींना घेऊन सेंदाईला नवा संघ उभा राहिला, आणि याच सेंदाईहून पुढं मियाझावा मँचेस्टरला गेली. म्हणजे उजाड झालेल्या घरातून निघालेली वाट कुठवर पोचली बघा.

आता जालन्याकडे येते. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि इतिहास. आठवीत एक मुलगी आहे, वाऱ्यासारखी पळते. वडील रोलिंग मिलमध्ये, आई मोसंबीच्या बागांत तोडणीला जाते. आमच्या खेळाच्या सरांनी निरोप धाडला, पुण्यात बालेवाडीला एका निवासी क्रीडाशाळेची निवड चाचणी आहे, पोरीला न्या. आई माझ्याकडे आली. “बाई, तुमची नणंद पुण्यात असते म्हणं. तुम्ही संगं येत असाल तर नेते, नाहीतर नाही.” मी हो म्हटलं. खरं सांगू, मलाही ते मैदान डोळ्यांनी पाहायचंच होतं.

रात्रीची एसटी धरली. छत्रपती संभाजीनगर मागं पडलं, अहिल्यानगरला चहा झाला. पोर खिडकीला डोकं टेकून झोपली. आईला काही झोप येईना. “बाई, पोरीच्या जातीला असं परमुलखात ठेवायचं म्हणजे... लोक काय म्हणतील? जेवणाचं काय, दुखलं-खुपलं तर काय?” मी मोबाईलच्या उजेडात वही काढली आणि कुमागाईचं पान वाचून दाखवलं. ऐकता ऐकता ती म्हणाली, “म्हणजे ह्या बाईचं सासर सारखं बदलतंय?”

“सासर नव्हे हो, काम. तिला बोलावणारे तिच्या खेळासाठी बोलावतात.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमच्या गावातून बाई बाहेर निघती ती लग्न झालं म्हणून, नाहीतर ऊसतोडीला. खेळायला गेलेली मी बघितली न्हाई.”

तिचं बोलणं माझ्या मनात घर करून राहिलं. आपल्यापैकी किती जणींनी गाव बदललं ते स्वतःच्या कामासाठी? माझंच बघा. लग्न झालं म्हणून जालन्यात आले, आणि उद्या ‘ह्यांची’ बदली झाली तर सामान बांधीन. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वहीतल्या मुलींच्या नोंदी मला का आवडतात, याचं उत्तर मला त्या एसटीत मिळालं. प्रत्येक ओळीत एक बाई स्वतःच्या हुनरीसाठी गाव सोडते आहे. आणि हे काही जपानातच घडतं असं नाही. सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे महाराष्ट्र सोडून नागालँडकडून क्रिकेट खेळायला गेली, २०२२ मध्ये एका सामन्यात १६२ धावा काढल्या आणि त्याच वर्षी भारताच्या संघात आली. सांगलीच्या स्मृती मानधनाला २०२३ च्या लिलावात बंगळुरूनं ३ कोटी ४० लाखांना घेतलं. खो-खोत अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे तर आपल्या मराठवाड्याची, धाराशिवची.

सकाळी नणंदेकडे आंघोळी, पोहे आणि थेट बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी हे क्रीडासंकुल उभारलं. मुंबई-बंगळुरू महामार्गाला लागूनच आहे. आवार एवढं मोठं, की फाटकापासून मैदानापर्यंत चालता चालता घाम येतो. मुलींना घेऊन जाणार असाल तर पाण्याच्या बाटल्या, टोपी आणि दशम्या-चटणी सोबत ठेवा, आत फिरत बसायला वेळ नसतो. मधे हिरवंगार मैदान, भोवती लालसर धावपट्टी, वर खुर्च्यांच्या रांगा. याच गवतावर त्या खेळल्या होत्या. मी पायऱ्यांवर बसून मनातल्या मनात हासेगावाला मधोमध उभी केली.

पोर धावली. चांगली धावली. पण तिच्यापेक्षा वेगानं धावणाऱ्या निघाल्या, आणि निवडयादीत तिचं नाव आलं नाही. ती रडली. मला वाटलं, आई म्हणेल, बरं झालं, सुटलो. तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं आणि तिथल्या प्रशिक्षकांना जाऊन विचारलं, “साहेब, पुढच्या साली कधी असतंय हे? वय बसंल का तिचं?” वय बसतं, असं त्यांनी सांगितलं. तिनं महिना माझ्याकडून कागदावर लिहून घेतला.

परतीच्या वाटेवर तिनं आणखी दोन गोष्टी विचारल्या, त्या तुम्हांलाही उपयोगी पडतील म्हणून देते. मुलीला बाहेर ठेवण्याआधी वसतिगृह स्वतः पाहावं, देखरेखीला बाई आहे का विचारावं, शाळेचा अभ्यास कोण घेतं आणि दुखापत झाली तर दवाखान्याचं कोण बघतं हे नीट समजून घ्यावं, घरी फोन कोणत्या वेळी करता येतो ते ठरवून घ्यावं. आणि पोरीला सांगून ठेवावं, नाही जमलं तर घराचं दार उघडं आहे. भीती मनात ठेवण्यापेक्षा असे प्रश्न विचारले की ती अर्धी होते.

आता रोज पहाटे ती पोर मोती तलावाच्या बाजूला पळते. आई तोडणीला जायच्या आधी हातात घड्याळ धरून उभी असते.