ब्राउन आइजचा काउबॉय

चि. ओंकार यास,


पशुवैद्यकीयला प्रवेश घेतलास, तेव्हापासून घरातली थोरली मंडळी विचारताहेत, "इतका मवाळ पोरगा गुरं कशी आवरणार?" त्यांच्याशी वाद घालू नकोस. बस्टर कीटनचा १९२५ सालचा ‘गो वेस्ट’ हा मूकपट तेवढा बघ.

यातल्या नायकाला धड नावही नाही, नुसता ‘फ्रेंडलेस’. न्यूयॉर्कच्या गर्दीनं तुडवल्यावर तो मालगाडीतून पश्चिमेला जातो आणि ॲरिझोनातल्या एका रँचवर कामाला लागतो. येत काहीच नाही. दूध काढायला सांगितलं, तर गाईखाली बादली ठेवून वाट बघत बसतो! पिस्तूल इतकं चिमुकलं, की म्यानाच्या तळाशी जातं. मग त्याला दोरी बांधून ओढून काढायचं.

तिथंच ब्राउन आइज नावाची गाय भेटते. हा तिच्या खुरातला खडा काढतो, ती याला बैलापासून वाचवते. मग इतर गुरांनी तिला त्रास देऊ नये म्हणून तो तिच्या डोक्याला हरणाची शिंगं बांधतो! तिला तापल्या लोखंडाचा डाग द्यायची वेळ येते, तेव्हा साबण लावून वस्तऱ्यानं केस भादरतो आणि त्यातूनच चिन्ह उमटवतो. मला हा प्रसंग सगळ्यात आवडतो. मालकाचा हुकूमही पाळला आणि गाईला चटकाही बसला नाही.

ती कत्तलखान्याला निघते, तेव्हा तिला विकत घ्यायला पगार पुरत नाही, म्हणून पत्त्यांच्या डावात बसतो. समोरच्याची लबाडी पकडतो, तर तो पिस्तूल रोखून म्हणतो, हे बोलताना हस. कीटनचा चेहरा तर कधीच न हसणारा! तो दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर सारतो. भीती आणि विनोद एकाच चेहऱ्यावर इतके बेमालूम मी क्वचितच पाहिलेत.

डाव काही साधत नाही, म्हणून तो गुरांच्या गाडीतून तिच्यासोबत निघतो आणि शेवटी हजारभर बैल लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर मोकाट सुटतात. हा भाग जरा लांबलाय, आधीची नजाकत त्यात नाही. पण गुरं बाजारात पोचली नाहीत तर मालक बुडणार, म्हणून हा लाल सैतानाचा पोशाख चढवतो आणि सगळा कळप आपल्या मागे लावून घेतो. (गुरांना लाल रंग नीट दिसत नाही, हे तू मला सांगशीलच. कीटनला सांग!) एवढं करूनही तो टणक झालेला नसतो, दूध काढायला बसलेलाच माणूस पुढे पळत असतो.

खूश झालेला मालक म्हणतो, हवं ते माग. हा अंगठा मागे दाखवून म्हणतो, ही हवी. मागे मालकाची मुलगी उभी असते. बापलेक चकित होतात आणि हा मात्र शांतपणे गाईला घेऊन येतो.

सुट्टीत आलास की कीटनचाच ‘द जनरल’ बघू. तिथं गाईच्या जागी रेल्वेचं इंजिन आहे.

तुझी,
मावशी