काचेमागचं ज्ञान कुणाचं?

"विमान आता कॉम्प्युटरच चालवतो, पायलट नुसता बसून असतो." हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी किती वेळा ऐकलं, त्याला मोजदाद नाही. बोलणारे दोन प्रकारचे. एक, ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या शिक्षण आहे. आपलं पोर तिथे पोहोचायला लागलं की त्यांना ते काम अचानक सोपं वाटायला लागतं. दुसरे आपलेच, ज्यांना वाटतं की स्क्रीन आली, आता फार शिकायची गरज उरली नाही. दोघांनाही उत्तर द्यायला हवं, म्हणून हा लेख.

मी पायलट नाही. समाजशास्त्रात एमए केलं, शनिशिंगणापूर आणि आसपासच्या वस्त्यांवर काम करते. आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी बारावी सायन्स करून दुसऱ्या जिल्ह्यातल्या उड्डाणशाळेत गेली. आईवडील देवस्थानाच्या रस्त्यावर तेल आणि रुईच्या माळा विकतात. सुट्टीत आली की ती अभ्यासिकेच्या भिंतीवर कॉकपिटचं मोठं छापील चित्र चिकटवायची आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायची. तिला प्रश्न विचारायला कुणीतरी हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं, आणि विचारता विचारता मीही शिकले.

जुन्या छोट्या विमानात पायलटच्या समोर सहा गोल घड्याळं असतात: वेग, विमानाचा कल, उंची, वळण, दिशा आणि चढण्या-उतरण्याचा दर. ग्लास कॉकपिटमध्ये या सहांच्या जागी एक स्क्रीन येते, तिला प्रायमरी फ्लाइट डिस्प्ले म्हणतात. मधोमध क्षितिज, डावीकडे वेगाची उभी पट्टी, उजवीकडे उंचीची, खाली दिशेचं चक्र. शेजारच्या दुसऱ्या स्क्रीनवर नकाशा आणि इंजिनाची माहिती. गार्मिन कंपनीची जी१००० ही प्रणाली २००४ च्या सुमारास छोट्या विमानांत आली आणि काही वर्षांतच जगभर पसरली. आपल्या गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर शिकणारी मुलं डायमंड डीए४० या ज्या विमानांवर हात बसवतात, त्यांत हीच काच आहे.

आता यात अवघड काय? मलाही आधी हाच प्रश्न पडला होता. घड्याळाचा काटा वाचावा लागत नाही, त्याची जागा पाहूनच कळतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे ओझरतं पाहिलं तरी दहाला पाच कमी हे समजतं, तसं. पट्टीवर मात्र आकडे सरकतात आणि आकडा वाचावा लागतो. म्हणून पट्टीशेजारी एक जांभळी रेघ दिलेली असते. विमान असंच चालत राहिलं तर सहा सेकंदांनी वेग किंवा उंची किती असेल, ते ती दाखवते. आमची मुलगी आधी आकडा वाचायची, मग रेघ पाहायची. सरावाने हा क्रम उलटा झाला. त्याशिवाय नजर एका जागी चिकटू द्यायची नाही: क्षितिज, वेग, परत क्षितिज, उंची, परत क्षितिज. आणि अधूनमधून काचेतून बाहेर. रंगीत स्क्रीन डोळ्यांना धरून ठेवते, मोबाइल ठेवतो तशी. बाहेरचं आभाळ बघायचं राहून जातं.

खरी गोष्ट काचेच्या मागे आहे. स्क्रीनवरचा वेग हवेच्या दाबावरून काढलेला असतो. विमानाच्या पुढे तोंड करून बसवलेली एक नळी असते, तिला पिटो ट्यूब म्हणतात, आणि अंगावर एक बारीक छिद्र असतं. दोन्हीकडच्या दाबांतल्या फरकावरून एअर डेटा कॉम्प्युटर वेग काढतो. उडताना नळीचं तोंड आणि पाणी निथळायचं भोक, दोन्ही बर्फाने बुजली तर काय होतं? विमान वर चढेल तसा वेगाचा आकडा वाढत जातो, खरा वेग वाढलेला नसतानाही. त्या आकड्यावर विसंबून पायलट नाक वर उचलत गेला तर खरा वेग घटतो आणि पंखांचा आधार सुटतो. एखादा भाग बंद पडला, हे यंत्रणेला कळलं तर स्क्रीनवर लाल फुली येते. पण चुकीचा दाब घेऊन नीट चाललेल्या कॉम्प्युटरला आपण चुकतोय हे कळेलच असं नाही. मग फुली नाही, इशारा नाही. आकडा तितकाच स्वच्छ, तितकाच ठळक.

सामाजिक कार्यकर्त्याला हे नवीन नाही. वेशीवर हागणदारीमुक्त गावाचा फलक असतो आणि वस्तीतल्या बाया पहाटे अंधारात बाहेर पडतात. फलक चकचकीतच असतो. आकडा कुठून आला, कुणी मोजला, नळी कुठे तुंबली, हे विचारणारा माणूस लागतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ या काळात बनलेल्या आठ हजारांहून जास्त छोट्या विमानांची त्यात तुलना होती: काही काटेवाली, काही काचवाली. काचवाल्यांचे एकूण अपघात कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचा दर जास्त निघाला. काचवाली विमानं लांबच्या आणि खराब हवामानातल्या प्रवासाला जास्त वापरली जात होती, हे मंडळाने नोंदवलं. पण काच बसवली म्हणून सुरक्षितता आपोआप वाढत नाही. त्या त्या प्रणालीचं वेगळं प्रशिक्षण हवं, बिघाड सिम्युलेटरवर अनुभवायला हवेत, हा त्यातला मुद्दा होता. "कॉम्प्युटरच चालवतो" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच. यंत्र हुशार झालं की माणसाला कमी शिकून चालत नाही, जास्त शिकावं लागतं.

म्हणून अभ्यासिकेत आमचा खेळ ठरला. भिंतीवरच्या चित्रावर मी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा. क्षितिज झाकलं, सांग काय करशील? पूर्ण स्क्रीन झाकली, मग? ती सांगायची: दोन स्क्रीनच्या मधलं लाल बटण दाबायचं, सगळी माहिती उरलेल्या स्क्रीनवर येते. तीही गेली तर खाली तीन जुनी घड्याळं राखून ठेवलेली असतात, वेग, कल आणि उंची, शिवाय चुंबकीय होकायंत्र. वेग खोटा वाटला तर? इंजिनाची ताकद, विमानाचा कल आणि जीपीएसचा वेग ताडून पाहायचा; जीपीएस जमिनीवरचा वेग देतो, म्हणून वारा लक्षात घ्यायचा. तथागतांनी कालामांना सांगितलं होतं, परंपरेने आलं म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका, तपासून घ्या. स्क्रीन दाखवते म्हणूनही मानू नका, असं आज आपण जोडू शकतो.

आता आपल्यातल्यांचा आक्षेप. वस्तीत प्यायच्या पाण्याची बोंब आहे आणि ताई, तुम्ही विमानाच्या गप्पा मारता? मित्रांनो, पाण्यासाठी महाडला बाबासाहेब गेले ते २० मार्च १९२७ ला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १० फेब्रुवारी १९२९ ला, जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. एकाच प्रांतात एकाला आभाळ खुलं आणि दुसऱ्याला तळं बंद. आधी पाणी, मग शाळा, मग नोकरी, आणि जमलंच तर शेवटी यंत्र, हा क्रम आपल्याला घालून दिलेला आहे. तो आपण का मानायचा? १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली होती. माणसाला जनावरासारख्या कष्टातून सोडवून फुरसत देणारं यंत्र वाईट नाही, दोष समाजरचनेचा आहे, ही त्यांची मांडणी. मग त्या यंत्राच्या कुठल्या बाजूला आपण उभे राहायचं?

काकडीला शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला. तेव्हापासून माझ्याकडे जी पोरं चौकशीला येतात, ती सफाई, सामान चढवणं आणि पार्किंग याबद्दल विचारतात. पायलटबद्दल विचारणारी ही एकच. आमचं गाव दारं नसलेल्या घरांसाठी प्रसिद्ध आहे, पण शनीच्या चौथऱ्यावर बायांना पाय ठेवायला एप्रिल २०१६ उजाडावं लागलं. दार दिसत नाही म्हणजे वाट खुली आहे, असं नसतं, हे इथल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः कमांड घेऊन. खर्च दहा-दहा लाखांच्या पटीत. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पहिल्या गटाच्या अभ्यासक्रमांत या लायसन्सचं नाव आहे. ही गोष्ट आमच्या मुलीसोबत एका कार्यालयात सांगितली तेव्हा समोरचा म्हणाला, "विमान? नर्सिंगला टाका की." नर्सिंग उत्तमच आहे. पण ते तिने निवडायचं, टेबलामागच्या माणसाने नाही. आम्ही नियमाचा कागद पुढे ठेवला आणि अर्जाची पोच घेऊनच उठलो.

पैशाची लढाई लांबची आहे आणि ती संघटनेनेच लढावी लागेल. ज्ञानाची लढाई मात्र आजपासून सुरू करता येते. अमेरिकेच्या विमान प्रशासनाची 'पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज' आणि 'इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग हँडबुक' ही पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, काचेच्या पडद्यांची माहिती त्यांत चित्रांसह आहे. इंग्रजी अडते, तर चौघांनी मिळून वाचा, एकाने मराठीत सांगा. जिथे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे, तिथे एक भिंत कॉकपिटच्या चित्राला द्या. सायन्स घेतलेल्या प्रत्येक पोरीला फिजिक्स आणि गणित दोन्ही ठेवायला सांगा. गणित सोडलं की ही वाट तिथेच अडते, आणि हे तिला अकरावीत कुणी सांगत नाही.

शनीच्या भीतीने आभाळाकडे पाहणारी माणसं आमच्या गावात रोज येतात. आमची मुलगी त्याच आभाळाकडे वारा किती, ढग किती उंचीवर, हे विचारत पाहते. अशा मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना शोधा.

जयभीम!