टायरची तारीख

चिखलदऱ्याच्या घाटात, पहिल्याच पावसात, आमच्या अ‍ॅव्हेंजरचं मागचं चाक नाचलं. मागे सौभाग्यवती होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. वीस वर्षांच्या संसारात मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

परतवाड्याला येताच मिस्त्रीनं टायरवरून हात फिरवला. "हा टायर नोहे जी साहेब, तुमचंच टक्कल हाये! नवा घ्या. अन् कडेचे चार आकडे पाहजा, आठवडा अन् साल."

दुकानात मापाचा आकडा सांगितला : १३०/९०-१५. मी बी.कॉम.; मनात भागाकार करून मोकळा! दुकानदार म्हणाला, "रुंदी १३० मिलिमीटर, उंची त्याच्या ९० टक्के, रिम १५ इंची." टक्के म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. ११७! व्याजासारखं झटकन निघालं.

त्यानं स्वस्तातला एक टायर पुढे केला. कडेला २३१८. म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा! तीन महिने उलटलेला चेक मी काउंटरवरून परत करतो. हाही केला. ताजा घेतला, महाग पडला.

मिस्त्रीनं बाण फिरायच्या दिशेला ठेवून टायर बसवला. मी ऐटीत घरी आलो, सगळं समजावून सांगितलं.

"अहो, आणि पुढच्याची तारीख काय?"

वाकून पाहिलं, आणि गाडी मुकाट्यानं पुन्हा दुकानाकडे वळवली.