सुरतेच्या रस्त्यावरचे कवच

बडोद्याहून सुरत आगगाडीने अवघ्या एकशेतीस किलोमीटरांवर. तरीही आम्हां बडोदेकर मराठी मंडळींचे सुरतेशी असलेले नाते काहीसे गमतीचेच म्हणायचे. शाळेत शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील स्वाऱ्यांचा धडा मान ताठ करून वाचावा आणि संध्याकाळी शेजारच्या गुजराती घरातून आलेली सुरतेची घारी मिटक्या मारीत खावी, अशा वातावरणात आम्ही लहानाचे मोठे झालो. गेल्या डिसेंबरात धाकट्या बहिणीकडे उधन्याला आठ दिवस राहण्याचा योग आला आणि ही नगरी मला एका निराळ्याच बाजूने पाहावयास मिळाली.

उधना, लिंबायत, पांडेसरा हे सुरतेचे भाग म्हणजे जणू खानदेशाचा विस्तारच. ताप्ती व्हॅली रेल्वेमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावकडील हजारो कुटुंबे येथे यंत्रमागांच्या आणि कापडाच्या आधाराने स्थिरावली. गल्लीत शिरले की अहिराणी कानी पडते. माझा भाचा रिंगरोडच्या कापड बाजारातून साड्यांची पार्सले मोटारसायकलवर लादतो आणि लेस नि खडे लावण्यासाठी ती घरोघरी पोहोचवतो. तयार माल परत आणणेही त्याच्याचकडे. गाडी हप्त्यांवर घेतलेली. ती उभी राहिली तर घरची चूल अडते.

मी पोहोचलो त्याच्या आदल्या दिवशी ती पडली होती. रस्त्यावर नव्हे, उभ्या जागी! खणून नुकत्याच बुजवलेल्या मातीत साइड स्टँड रुतला आणि पार्सलांच्या भाराने गाडी डावीकडे आडवी झाली. क्लचची मूठ मोडली. गिअरचा दांडा आत वाकून इंजिनाच्या झाकणावर आदळला, झाकणाला चीर गेली आणि तेल वाहू लागले. तीन दिवसांची कमाई बुडाली. त्यातही भाचा गाडी सावरायला धावला होता. पाय थोडक्यात बचावला.

"मामा, आता असं दणकट गार्ड बसवतो की पुन्हा चिंताच नको," तो म्हणाला.

माझे सारे आयुष्य यंत्रशाळेत गेलेले. तेव्हा निवडीचे काम ओघानेच माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एका दुकानात गेलो. भिंतीवर चकचकीत नळ्यांची नुसती आरास मांडली होती. भाच्याची नजर सर्वांत रुंद आणि सर्वांत जाड गार्डवर खिळली. मी मात्र त्याला आधी गार्डचा धर्म समजावून सांगितला. गाडी आडवी झाली की तिचा भार इंजिनाचे झाकण, गिअरचा दांडा आणि पायठेव यांऐवजी गार्डने झेलावा, एवढेच त्याचे काम. त्यासाठी ते झाकणापेक्षा थोडे बाहेर आलेले हवे. फार बाहेर आले तर बाजाराच्या गर्दीत शेजारच्या हातगाडीला अडकून तेच गाडीला पाडील.

दुसरी गोष्ट बळकटीची. गार्ड मुळीच वाकत नसेल तर सारा आघात ते जिथे बोल्टांनी जोडलेले असते त्या चौकटीकडे जातो. गार्ड बदलता येते. चौकट मोडली तर गाडीच संपली. म्हणून मोठ्या आघातात आधी गार्डनेच वाकावे, अशी त्याची घडण हवी. ते एका बोल्टावर लटकलेले नसावे. भार दोन-तीन ठिकाणी वाटला जाईल, अशी त्याची जोडणी असावी. चकाकीला भुलू नये. नळी हातात तोलून पाहावी, वेल्डिंगचा सांधा सलग आहे की नाही ते निरखावे. बसवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे, पुढचा भाग दाबून पाहावा. चाक वा मडगार्ड कुठे घासता कामा नये.

दुकानदाराने काही कठीण प्लॅस्टिकचे गोळेही दाखवले. त्यांना स्लायडर म्हणतात. वेगात पडलेली गाडी रस्त्यावरून घसरत जाताना हे गोळे झिजतात आणि मागची यंत्रे वाचतात. परंतु लांब बोल्टाच्या टोकाला बसवलेला गोळा जोराच्या धक्क्याने तो बोल्टच वाकवू शकतो. शिवाय भाच्याची गाडी पडते ती उभ्या उभ्या, पार्सलांसकट. तिला गाडीच्याच कंपनीने त्या प्रतिकृतीसाठी बनवलेले, मध्यम रुंदीचे, नळीचे गार्ड योग्य होते. "चौकटीला वेल्डिंग करून जास्त मजबूत बसवून देतो," असे दुकानदार म्हणाला, तेव्हा मी हात जोडले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने वाहनाच्या मूळ रचनेत असे फेरफार करण्यास मनाई आहे. आणि उष्णतेने चौकट कमजोर होते ती निराळीच.

परतताना आम्ही चौकातल्या किल्ल्याकडे वळलो. तापीकाठचा हा किल्ला सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या हल्ल्यांनंतर बांधला गेला. अलीकडे महानगरपालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून तेथे संग्रहालय केले आहे. तटाशी उभा राहिलो आणि शाळेतला धडा आठवला. जानेवारी १६६४मध्ये महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात जाऊन बसला. किल्ला सुरक्षित राहिला, सुभेदार सुरक्षित राहिला. शहर मात्र लुटले गेले, जळाले. कवच कोणासाठी होते आणि वाचले कोण, हा प्रश्न त्या तटासमोर सहजच मनात येतो.

तोच प्रश्न मी भाच्याला विचारला. हे गार्ड वाचवणार कोणाला? गाडीला की तुला? अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी झाली आणि प्राध्यापक हॅरी हर्ट यांचा अहवाल १९८१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला निष्कर्ष असा, की अशा गार्डांमुळे घोटा व पाऊल यांच्या जखमा कमी झाल्या खऱ्या. पण मांडी, गुडघा आणि नडगी यांच्या तेवढ्याच वाढल्या. म्हणजे माणसाच्या दृष्टीने हिशेब जिथल्या तिथे! गार्ड घ्यावे ते इंजिनासाठी. माणसासाठी घ्यायचे ते हेल्मेट. आणि १ जून २०२१पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेलेच हेल्मेट विकण्याचा नियम आहे. भाच्याचे हेल्मेट आरशाला टांगलेले होते. तो काही बोलला नाही.

बोलली ती माझी बहीण. रात्री जेवताना म्हणाली, "दादा, गाडीचं तुम्ही दोघांनी पाहिलंत. माझा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागं जाळी आहे. आता याच्या गळ्याचं कोण पाहणार? उतरायण आलं."

सुरतेची उतरायण म्हणजे आकाश पतंगांनी झाकलेले आणि रस्ते मांजाने भरलेले. काचेचा लेप दिलेला दोरा धावत्या दुचाकीस्वाराच्या गळ्याला दिसतही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी त्याचे बळी थांबलेले नाहीत. सणाच्या दिवसांत पोलीस उड्डाणपुलांवर दुचाकींना मज्जाव करतात. म्हणून सुरतेचे लोक हँडलच्या दोन टोकांना जोडणारी एक उंच सळई कमानीसारखी बसवतात. दोरा आला तर तो सळईवर अडतो, गळ्यापर्यंत पोहोचत नाही. दिसायला ओबडधोबड, किमतीने क्षुल्लक. पण माणसाच्या जिवाची चिंता वाहणारे हेच खरे गार्ड!

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोन्ही बसवली, इंजिनाचे गार्ड आणि गळ्याची सळई. स्टँडखाली ठेवायला मी लोखंडाचा एक चपटा तुकडा कापून दिला आणि एक वचन घेतले : गाडी पडू लागली तर तिला पडू द्यायचे, आपण बाजूला व्हायचे. मग हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली कसून त्याने मला स्टेशनावर सोडले.

गाडी सुटली. तापीवरचा पूल ओलांडताना दूर दुसऱ्या पुलावरून दुचाकींची रांग चाललेली दिसली. कोणाच्या गाडीला सळई आहे नि कोणाच्या नाही, हे एवढ्या लांबून दिसणे शक्यच नव्हते. तरी पूल संपेपर्यंत मी तेच शोधत राहिलो.