सख्यासागराच्या काठी

मोठ्या पाण्याला घरातल्या माणसाचं नाव द्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. राधानगरीच्या पाण्याला शाहू महाराजांनी राणीसाहेबांच्या नावावरून ‘लक्ष्मी तलाव’ म्हटलं. हिडकलला घटप्रभा अडवली, त्या जलाशयाला राजा लखमगौडांचं नाव आहे. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे उत्तरेत गेले, तेव्हा ही रीतही बरोबर गेली असावी. ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी १९१८ मध्ये शिवपुरीला मनियर नदीचं पाणी अडवून तलाव केला. त्याला आईचं, सख्याराजेंचं नाव मिळालं. तोच सख्यासागर.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं तो पाहून आलो. खरं निमित्त तलावाचं नव्हतं, आत्याचं होतं. माझी आत्या लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. घर लष्कर भागात, महाराज बाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाडा म्हणजे आपला वाडाच. यजमान वारले, एकुलता मुलगा बंगळूरला नोकरीला. “आई, आता तिथं एकटी राहू नकोस,” असं तो दोन वर्षं सांगतो आहे. घर विकायचं की नाही, एवढंच ठरत नव्हतं. “तू येऊन बघ एकदा,” असा आत्याचा फोन आला आणि आम्ही निघालो.

आत्याची मराठी ऐकण्यासारखी आहे. “मला आता कुठेच मन लागत नाही रे,” असं ती म्हणते, तेव्हा शब्द मराठी आणि चाल हिंदीची असते. आमच्या सौभाग्यवतींचं माहेर धारवाडकडचं, त्यांना याचं नवल वाटलं नाही. आपल्या घरांतही अक्का आणि अण्णा कुठून आले हे कोण विचारतं? दोन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला तिसरी लगेच ओळखीची वाटते.

दुसऱ्या दिवशी गाडी करून तिघं शिवपुरीला गेलो. जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आतलं अंतर. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळ्यातली राजधानी. आपल्याला आंबोली जशी, तशी ग्वाल्हेरकरांना शिवपुरी. तलावाच्या काठावर जुना नौकाविहार क्लब आहे. वर उंचावर जॉर्ज कॅसल नावाची कोठी; इंग्रजांचा राजा पाचवा जॉर्ज शिकारीला येणार म्हणून ती बांधली, पण तो राहिला मात्र नाही, असं सांगतात. भोवतीचं जंगल म्हणजे माधव राष्ट्रीय उद्यान. तिथं २०२३ मध्ये वाघ पुन्हा आणून सोडले आणि मार्च २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. सख्यासागराला २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळालं. माणसानं केलेला तलाव शंभर वर्षांत पक्ष्यांचा आणि मगरींचा होऊन गेला.

मगरींवरूनच गंमत झाली. काठावर एक मगर ऊन खात पडली होती. सौभाग्यवती म्हणाल्या, “आत्या, बंगळूरला जाणार तर शिकून ठेवा. हिला कन्नडात मोसळे म्हणतात. पाणी म्हणजे नीरु, आणि तलाव म्हणजे केरे. बंगळूरभर केरेच केरे.” आत्यानं शाळकरी मुलीसारखे तिन्ही शब्द म्हणून पाहिले. मग विचारलं, “आणि मला काय म्हणतील?” “अत्ते,” सौभाग्यवती म्हणाल्या. आत्या क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “हे तर घरचंच झालं की!”

तिथून छत्र्यांकडे गेलो. एका बागेत सख्याराजेंची छत्री आणि तिच्यासमोर मुलाची, माधवरावांची, पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगडांची नक्षी भरलेली. माधवराव १९२५ मध्ये पॅरिसला वारले, पण स्मारक झालं ते आईच्या समोर. आत्या पायरीवर बसून बराच वेळ दोन्हीकडे पाहत होती. मी काही विचारलं नाही. याच शिवपुरीत, तेव्हाच्या सिप्रीत, येवल्याच्या तात्या टोपेंना १८ एप्रिल १८५९ रोजी फाशी दिलं. केवढ्या लांब येऊन आपली माणसं या मातीत मिसळली! कुणी मर्जीनं, कुणी नाइलाजानं.

परतल्यावर ग्वाल्हेरजवळचं तिघरा धरणही पाहिलं. सांक नदीवरचं हे धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटलं होतं. पायातल्या वालुकाश्मात पाणी शिरलं आणि भिंत सरकली. पुढं ते पुन्हा उभं राहिलं, आणि शहराला आजही त्याचंच पाणी मिळतं. विश्वेश्वरय्यांनी पाणी चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवले. तीच रचना पुढं तिघऱ्याला आणि कृष्णराजसागरलाही वापरली गेली. म्हैसूर संस्थानातला मुलगा पुण्यात इंजिनिअर होतो आणि त्याची विद्या ग्वाल्हेरपर्यंत पोचते. तेव्हा त्याला कुणी भाषा विचारली नसावी.

मी आत्याला सल्ला दिला नाही. पन्नास वर्षांचं घर सोडणं काय असतं, हे घरात बसून सांगता येत नाही. मात्र निघताना एवढं म्हटलं, “आत्या, तू एकदा सातशे कोसांवर येऊन रुजलीस. तेव्हा कुठं हिंदी येत होती?” ती हसली. “तेव्हा वय वीस होतं रे. मुळं कोवळी होती.” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

संक्रांतीला तिचा फोन आला. घर अजून विकलेलं नाही. भाड्यानं द्यायचं आणि वर्षभर बंगळूरला राहून बघायचं, असं तिनंच ठरवलं. मुलाच्या घराजवळही एक केरे आहे म्हणाली. मग फोन सौभाग्यवतींकडं द्यायला सांगितला. मला पलीकडचं ऐकू आलं नाही, पण सौभाग्यवतींचं उत्तर आलं: “आयितु, अत्ते. निमदु ऊट आयिता?”