अत्तर आणि चिन्नोर

मंडळी, अवनीचा जुना वाद उकरून काढायला ही पोस्ट नाही. तिला मारायला हवं होतं की नको, यावर २०१८ पासून सगळ्यांचं बोलून झालंय. मला बोलायचंय ते वासाबद्दल.

त्या वर्षीचा कापूस आठवतो. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१ वाघिणीच्या नावावर दोन वर्षांत १३ माणसांचे बळी लागले होते. वेचणीला बाया मिळेनात, म्हणून आम्ही घरचेच जायचो आणि दिवस कलायच्या आत परत यायचो. एकदा नाल्याच्या काठानं जाताना मोठेबाबा एकदम थांबले.

"कोनं चिन्नोर रांधला का रे इथं?"

वास मलाही आला. वाफाळलेल्या सुगंधी भाताचा. आसपास ना घर, ना चूल.

मोठेबाबा एवढंच म्हणाले, "चाल मांगं."

दुसऱ्या दिवशी चौघंजण काठ्या घेऊन गेलो, तर पळसाच्या झुडपाजवळ ओल्या मातीत पंजे उमटलेले. तीच होती की दुसरा वाघ, कोण सांगणार?

मोठेबाबांना हे त्यांच्या बापानं शिकवलेलं, गुरं राखताना. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं, यात अंधश्रद्धा काही नाही. वाघ शेपटी वर करून झाडाझुडपांवर फवारा मारतो. त्यात जो घटक असतो, तोच बासमतीला वास देतो. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी यावर कितीतरी वर्षं काम केलं.

वाघ शिकार करतो मुख्यतः डोळ्यांनी आणि कानांनी. नाक त्याला लागतं बातमी वाचायला. इथे कोण येऊन गेलं, नर की मादी, कधी गेलं, ते सगळं त्या फवाऱ्यात लिहिलेलं असतं.

हीच सवय त्या वेळी वाघिणीला बोलवायला वापरली. कॅल्विन क्लाइनचं 'ऑब्सेशन' हे अत्तर जंगलात शिंपडलं. त्यात जवादी मांजराच्या कस्तुरीसारखा वास असतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणीसंग्रहालयात मोठी मांजरं त्यावर रेंगाळताना २००३ मध्येच दिसली होती. सोबत दुसऱ्या वाघिणीचं मूत्रही शिंपडलं. आपल्या हद्दीत परकी वाघीण आली म्हटल्यावर कुठली वाघीण गप्प बसेल? २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी शिवारात ती गोळीनं मेली. मागे दोन बच्चे राहिले.

ही युक्ती काही नवी नाही. कॅनडात मूस नावाचं घोड्याएवढं हरीण असतं. माजाच्या दिवसांत तिथले शिकारी पूर्वी मादीचं मूत्र ठेवून नराला बोलवायचे. पण मूसचं नाक तिखट. नर सरळ येत नाही, वळसा घालून वारा नाकावर घेतो. माणसाचा वास आला की गेलाच. म्हणून शिकाऱ्याला आधी वाऱ्याची दिशा पाहावी लागते.

मला खुपतं ते हे. जनावराला फसवायला वास वापरणारी माणसं आपल्याकडे आहेत, अत्तर तर अमेरिकेतून येतं. पण जनावरानं आपल्याच धुऱ्यावर लिहून ठेवलेला वास कसा वाचायचा, हे गुराख्याला आणि वेचणीच्या बायांना कोण शिकवतं? मोठेबाबा गेले. त्यांच्या नातवाला चिन्नोरचा वास फक्त ताटातला ठाऊक.

टिपेश्वर जवळ आहे, वाघ राहणारच. ग्रामसभेत एक दिवस याला द्या. वनरक्षकाला बोलवा, जुन्या गुराख्यांना बोलवा. पंजा, फवारा, माकडाची ओरड, सगळं पोरांना दाखवा. वास आला नाही म्हणजे वाघ नाही, असं मात्र समजू नका. पण रानात भाताचा वास आला, तर पुढे जाऊन पाहायची हौस नको. गप मागे फिरा.

तुमच्या गावात अशी खूण सांगणारं कोणी म्हातारं माणूस असेल, तर विचारून खाली लिहा. ते आहेत तोवरच विचारता येईल.